डबा रिकामा पाठवत नाहीत

बुधवारी दुपारी विमल आपला स्टीलचा डबा आणायला निघाली, काम एवढंच. वॉलॉंगॉंग स्टेशनच्या मागे लेव्हसरांचं युनिट, म्हणजे आपला फ्लॅट. सर जाऊन पाच दिवस झाले होते. डबा बेसनाच्या लाडवांचा, वर नाव कोरलेलं. तो परक्या घरात सोडायला तिचा जीव होईना.

सर रशियातले, लेनिनग्राडचे. सातव्या वर्षी स्टुलावर उभं राहून व्हायोलिन वाजवलं, विशीत मोठमोठ्या हॉलांमधून. मग एका दौऱ्यावर सिडनीला आले, आणि परत निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलातून चालत बाहेर पडले ते पडलेच. बायको तिकडे, व्हायोलिन हॉटेलात. पोटासाठी कारखान्यात लागले, तिथे यंत्राच्या पट्ट्यात डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. उरलेला जन्म मुलांना शिकवण्यात. "त्या दोन बोटांचं वाजवायचं राहिलंय," म्हणायचे, आणि विमलच्या नातीच्या, स्पृहाच्या, डाव्या हाताकडे बघत बसायचे.

दर गुरुवारी चारला स्पृहाचा क्लास. विमल सोबत जायची, डब्यात काहीतरी घेऊन. आपल्यात डबा रिकामा परत पाठवत नाहीत, हे तिने पहिल्याच महिन्यात स्पृहाकडून त्यांना इंग्रजीत सांगवलं होतं. म्हातारा रीत चुकला नाही. कधी अक्रोड, कधी सफरचंद, एकदा कागदात नुसती चिमूटभर साखर.

शेवटच्या गुरुवारी व्हायोलिनची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि शेवटचा तुकडा पोरीला काही केल्या येईना. विमल थट्टेत म्हणाली, "सर, अक्रोड पुरे झाले. या वेळी डब्यातून तेवढा तुकडा पाठवा हिच्या बोटांना."

स्पृहाने ते सांगितलं. सर हसले नाहीत. "ती वस्तू मोठी आहे," म्हणाले. "मग आजीही तेवढंच मोठं भरून पाठवेल?"

"नो वरीज," विमल म्हणाली. इथलं तिला येणारं ते एकच वाक्य.

तर बुधवारी शेजारणीने किल्लीने दार उघडून दिलं. आत आरशावर चादर, मरणाच्या घरी त्यांच्यात टाकतात तशी, आणि व्हायोलिनच्या गजाला लावायच्या राळेचा वास. टेबलावर डबा, घासूनपुसून. शेजारणीने हातानेच सांगितलं, मी नाही शिवले. विमलने झाकण काढलं. रिकामा. पहिल्यांदाच रिकामा. पण उचलला तर लाडवांनी गच्च भरल्यासारखा जड.

घरी आली तर स्पृहा वाजवत होती. तोच तुकडा, कुठे अडखळणं नाही.

"जमलं की गं."

"आजी, आय अ‍ॅम नॉट डूइंग इट," पोर हळूच म्हणाली. "ही दोन... आपली आपण चाललीयेत."

विमलने तिच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं हातात घेतली. बर्फ. नखं जांभळी.

स्पृहाच्या आईने, मेधाने, तिला डॉक्टरकडे नेलं. थंडीचं आहे, हातमोजे घाला, म्हणाला. विमलने लाडू भरून डबा सरांच्या दाराशी ठेवला. सकाळी डबा आपल्याच ओट्यावर, लाडू जसेच्या तसे. मग शिरा. मग हातातली सोन्याची पाटली. तीही परत. आणि स्पृहाचा गारठा रोज थोडा मनगटाकडे सरकत होता. काय भरून हवंय ते विमलला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कबूल करवत नव्हतं, इतकंच.

गुरुवारी चारला, घरात कुणी नसताना, तिने डबा समोर घेतला. आपल्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आत घातली, वरून झाकण टेकवलं.

"सर... शब्द मी दिला. पोरीने नाही. माझी घ्या..."

बराच वेळ काही नाही. मग आतून कुणीतरी बोटं चाचपली. बाजारात भेंडीचं टोक मोडून बघतात ना, तशी.

संध्याकाळपर्यंत स्पृहाचा हात ऊबदार झाला. परीक्षेत तो तुकडा तिने अडखळतच वाजवला, पण स्वतःच्या बोटांनी. विमलच्या दोन बोटांना मात्र आता तव्याचा चटकासुद्धा कळत नाही. घरात तिने वाताचं म्हणून सांगितलंय.

फक्त दर गुरुवारी चार वाजले की ती दोन बोटं टेबलावर हलायला लागतात. हळू, तालात. परवा स्पृहा शेजारी बसून टक लावून बघत होती.

"आजी," ती म्हणाली, "हा माझा तुकडा नाहीये. हा पुढचा आहे... सर म्हणाले होते, हा तुला पुढच्या वर्षी शिकवणार."