पिवळं कार्ड

साल २०१३, महिना फेब्रुवारीचा. कळमन्याच्या बाजारात मिरचीचा हंगाम भरात होता. मी आणि माझी भाची मेघा दिवसभर मिरच्यांचे देठ खुडायचो. हात असे पेटायचे की भाकरी थापायचीही भीती वाटायची.

एका दुपारी घरी परतताना वस्तीच्या तोंडाशी सरकारी गाडी उभी दिसली. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी, तीही फुकट... पण रांगेत चिटपाखरू नाही. पांढऱ्या कोटातला एक कुरळ्या केसांचा मुलगा एकटाच बसला होता. सावनेरचा प्रशिक.

मेघा सरळ त्याच्यासमोर जाऊन बसली. तिचा धाकटा भाऊ अंकुश याच दुखण्यानं सोळाव्या वर्षी माझ्या मांडीवर गेला होता. माझी बहीण आधीच गेलेली. ही दोन्ही लेकरं मीच वाढवली.

प्रशिकनं तिचं बोट धरलं, सुई टोचली, कापूस दाबला... आणि त्याच हातमोज्यानं कपाळाचा घाम पुसला. घाम उतरला डोळ्यात.

"आई गं!"

"सुई मले टोचली, अन् रडून तुम्ही राहिले?"

"काय लावलं जी तुमच्या हाताले?"

"मिरची. दोनदा धुतले... पण जाते कुठं ते!"

मी माठातलं पाणी आणलं. त्यानं डोळा धुतला आणि तसल्या लालभडक डोळ्यानं मेघाकडे पाहिलं – जरा जास्तच वेळ.

आठ दिवसांनी तो स्वतः कार्ड घेऊन आला. पांढरं म्हणजे काही नाही, लाल म्हणजे आजार. मेघाचं पिवळं – आजार नाही, पण रक्तात अंश आहे. दोन पिवळ्यांनी लग्न केलं तर लेकराला लाल यायची भीती. त्यामुळे लोक पिवळं कार्ड गव्हाच्या डब्यात लपवायचे. पोरीचं लग्न अडतं ना!

"इथं कायमचं केंद्र होऊ शकते, मावशी," प्रशिक म्हणाला. "औषध, रक्त, सगळं वस्तीतच. पैसा मंजूर हाय. पण मार्चपर्यंत पाचशे लोक तपासले नाही, तर परत जाते."

मला आठवलं, रक्त चढवायला अंकुशला रिक्षात घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला नेत होते मी. मेघालाही तेच आठवलं असावं. तिनं कार्डाला भोक पाडलं, दोरा ओवला आणि ते गळ्यातच घातलं. मग कामावरून आलं की दारोदार.

"पैसा आपला हाय. परत काहून जाऊ द्याचा?"

म्हातारे देवाजी म्हणाले, "हे गळ्यात घालून फिरशील, तर तुले नवरा भेटन का वं?"

"ज्याले कार्ड वाचता येते, तोच पाहिजे मले!"

मागे तपासणीची पेटी घेऊन उभ्या असलेल्या प्रशिकचे कान लाल झाले. देवाजींनी ते पाहिलं, हसले आणि बोट पुढं केलं.

मार्चच्या मध्यालाच पाचशेचा आकडा ओलांडला. त्या संध्याकाळी प्रशिक चहाला आला. कप हातात तसाच.

"मावशी, मले मेघाबद्दल... म्हणजे, तुमची हरकत नसली तर..."

चुलीपासून मेघाचा आवाज आला, "तुमचं कार्ड कुठं हाय जी?"

हजारो बोटं टोचली होती त्यानं. स्वतःचं कधीच नाही.

"उद्या करतो," म्हणाला. आणि चार दिवस दिसलाच नाही. मेघा खुडताना तोंडाला फडकं बांधायला विसरली.

पाचव्या दिवशी भरल्या रांगेसमोर तो खुर्चीत येऊन बसला.

"लोकांले हिंमत देत फिरलो, अन् स्वतःच भेलो. तुम्हीच टोचा, मेघा."

एव्हाना ती सुई टोचायला शिकली होती. "डोळ्याले हात लावू नका फक्त," ती म्हणाली.

रक्ताचा थेंब औषधात मिसळून त्या नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर चांगलं. आम्ही सगळे वाकून पाहत होतो...

रेघा दिसल्या नाहीत.

पक्का अहवालही तोच. पिवळं.

मी लग्नाला नाही म्हटलं. "एक लेकरू गेलं माझ्या मांडीवर. दुसरं नाही पाहणार मी."

मेघा माझ्याजवळ येऊन बसली. "अंकुशच्या वेळी कोणालेच माहीत नव्हतं, मावशी. आमाले माहीत हाय. आमी सोडून देऊ पोटच्या लेकराचा नाद." मग हळूच, माझा हात हातात घेऊन – "मी तरी कुठं तुह्या पोटची हाव?"

मी तिला जवळ ओढलं आणि प्रशिकला बोलवायला पाठवलं.

मे महिन्यात विहारात लग्न झालं. मेघाच्या गळ्यात फुलांचा हार आणि त्याखाली ते कार्ड. प्रशिकच्याही.

विहाराशेजारीच केंद्र उभं राहिलं. मेघा तिथं समुपदेशक आहे. लग्नाआधी पोरं-पोरी जोडीनं तिच्याकडे येतात. प्रशिक प्रयोगशाळा सांभाळतो. देवाजी दोन वर्षांमागे गेले. पण त्यांचा नातू महिन्याला तिथंच रक्त घेतो आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात जातो. मी दाराशी बसून रांग लावते. माझ्या अंकुशसाठी उशीर झाला, पण त्या दारातून आत जाणारं प्रत्येक लेकरू पाहून माझी मान ताठ होते.

२०१९ मध्ये माया घरी आली. अकरा महिन्यांची, दत्तक. शाळेत जायला लागली तेव्हा तिचीही तपासणी झाली. कार्ड आलं – पांढरं. ते पाहून पोरगी भर केंद्रात भोकाड पसरून रडली.

"तुमचं दोघांचं पिवळं... मंग मलेच पांढरं काहून? मले पण पिवळंच पाहिजे!"

सगळी रांग हसली. मी मात्र डोळे पुसत राहिले... आणि हाताला मिरचीही नव्हती, ती खुडणं सोडून मला दहा वर्षं झाली होती.