पाठमोरी

फिल्म क्लबच्या रविवारच्या खेळाआधी एका जुन्या जपानी चित्रपटाचं रसग्रहण सरांनी करायचं होतं. निवृत्त झालेल्या आपल्याला कुणी बोलवावं, याचंच त्यांना नवल. मुद्दा मात्र पक्का होता: शेवटचं दृश्य. पडदाभर काळोख, एका कोपऱ्यात कागदी दारातून झिरपणारा दुधी उजेड आणि त्यात पाठमोरी बसलेली बाई. वर बांधलेले केस, उघडी मान. नवरा युद्धावरून परतून दारात उभा आहे. ती वळत नाही. चेहरा न दाखवता दिग्दर्शक तिचं सगळं दुःख दाखवतो, असं सर जन्मभर शिकवत आले होते.

उजळणीसाठी दुपारी क्लबात जाऊन चित्रपट पाहिला, तर बाईचा कान दिसला.

दुसऱ्या दिवशी गाल.

प्रिंट बदलली का, असं त्यांनी चाचरत ऑपरेटरला विचारलं. तीच आहे, म्हणाला. वर, वयाबरोबर आठवणी पुढंमागं व्हायच्याच, अशी समजूतही घातली. हल्ली मुलगाही फोनवर डॉक्टरांचं नाव काढायचा. खरंच आपलं डोकं कामातून चाललंय की काय?

शेवटी त्यांनी बायकोला सोबत नेलं.

"ती वळते का, एवढंच सांग मला."

"वळली तर काय, ओळख दाखवणारेय मला?" म्हणत ती थेट पहिल्या रांगेत जाऊन बसली. लांबचं तिला दिसत नसे. सर मागेच राहिले. जवळ जायचा धीर होईना.

शेवटचं दृश्य आलं. काळोख. दुधी उजेड.

बाई सावकाश, पूर्ण वळली. साधाच चेहरा. फार वेळ अवघडून बसलेल्या माणसाची कुणीतरी सुटका केल्यासारखा.

दिवे लागले.

"पाहिलंस?"

"पाहिलं की. वळली ती. उगीच घाबरता तुम्ही."

सरांचा जीव भांड्यात पडला. बायको उठेना, म्हणून हसतच ते रांगेला वळसा घालून तिच्यासमोर आले.

समोरूनही तिचा अंबाडा दिसत होता. मान. ब्लाउजची पाठ.

ते पुन्हा मागे गेले. तिथूनही तेच.

"अहो, गप्प का झालात?" तिचा नेहमीचा आवाज आला. "आज मीच फोन करते त्याला. सांगते, बाबा ठणठणीत आहेत तुझे."