शांत हृदयाची किल्ली

सोलापूरच्या प्रयोगशाळेत डॉ. शरयू गोंधळेकर यांनी संवेदकावर बोट ठेवून डोळे मिटले. पडद्यावर हिरवी रेघ संथपणे उमटली आणि भाजलेल्या कामगारांच्या औषधांचे पैसे दवाखान्याला पोहोचले. त्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही.

वर्षाच्या सुरुवातीला शहराबाहेरच्या एका रसायन कारखान्यात स्फोट झाला होता. शरयूने कामगारांसाठी निधी उभारला आणि कारखान्याविरुद्ध अहवालही लिहिला. तिसऱ्याच दिवशी निधीचं बँकखातं गोठवण्यात आलं. चौकशी चालू आहे, एवढंच उत्तर मिळत राहिलं. तोवर जखमा चिघळून दोन कामगार दगावले. तेव्हा तिचा सहकारी, संगणकी कुलपं बनवणारा संकेतशास्त्रज्ञ फिरोज मुलाणी याने नव्या देणग्या विकेंद्रित चलनात घ्यायचं सुचवलं होतं.

"या चलनाच्या हिशेबाची वही जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी असते," त्याने समजावलं होतं. "मालक कुणीच नाही. मग गोठवायचा हुकूम देणार कुणाला?"

"आणि माझ्या डोक्याला कुणी पिस्तूल लावलं तर? बँक निदान व्यवहार अडवून तरी धरते."

फिरोज दोन दिवस विचार करत राहिला. मग म्हणाला, "किल्ली तुझ्या हृदयाच्या तालात ठेवू, संवेदक तो बोटातून वाचेल. भीतीने ताल बिघडतो, गुंगीच्या औषधानेही बदलतो. तू मनापासून शांत असशील तरच कुलूप उघडेल."

दुसरी किल्ली करायची नाही, असं दोघांनी मिळून ठरवलं. मागचं दार ठेवलं की ते कुणीतरी शोधणारच.

जूनमधल्या एका दुपारी चार माणसं प्रयोगशाळेत घुसली. निधीवर डोळा असलेल्या एका टोळीची ती माणसं होती. एकाने शरयूच्या केसांना धरून तिला खुर्चीत आदळलं आणि तिचं बोट संवेदकावर दाबलं. रेघ वेडीवाकडी नाचली आणि लाल झाली. फिरोजने त्यांना सगळं खरं सांगितलं: जितकं घाबरवाल तितकं कुलूप घट्ट होईल. त्यांना ती थाप वाटली. त्यांनी फिरोजचा हात टेबलावर पसरला आणि लोखंडी पाना उचलला.

पहिलं बोट चिरडलं तेव्हाच शरयूने पैसे देऊन टाकायचं ठरवलं. ती श्वास मोजू लागली, आईचा चेहरा आठवू लागली. दुसरं बोट गेलं, मग तिसरं. रेघ लालच राहिली. टेबलावरून रक्त ओघळून तिच्या पायांवर पडत होतं.

"शरयू," फिरोज कण्हत म्हणाला, "माझ्याकडे बघू नकोस."

तिने डोळे मिटले. पण हाड मोडल्याचा आवाज ऐकू येतच राहिला. शेवटचा घाव त्याच्या डोक्यात बसला.

शेजारच्या विभागातल्या लोकांनी पोलीस आणले, चौघेही पकडले गेले. फिरोज वाचला नाही. त्यानंतर चार महिने शरयू रोज संवेदकापुढे बसली. तिने प्राणायाम केला, मानसोपचार घेतले. पण बोट टेकलं की पान्याचा आवाज कानात घुमे आणि रेघ लाल होई. ही भीती जायला कदाचित वर्षं लागतील, कदाचित जाणारही नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. दवाखान्यातले सतरा जण औषधांची वाट बघत होते.

ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने जुन्या खात्यावरची बंदी उठवली. शरयू बँकेत गेली तेव्हा हात इतका थरथरत होता, की सही नमुन्याशी जुळेना. अधिकारी बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं, पाणी मागवलं, अंगठा घेतला, ओळखपत्र तपासलं आणि नवी सही नोंदवून पैसे मोकळे केले. अर्ध्या तासात काम झालं. ते पैसे जेमतेम महिनाभर पुरणार होते.

शरयू उठली नाही.

"माझे आणखी पैसे एका ठिकाणी अडकलेत," ती म्हणाली. "पुष्कळ आहेत. ते सोडवण्यासाठी अर्ज कुणाकडे करायचा असतो?"

बाईंनी कोरा कागद पुढे ओढला.

"खातं गोठवलंय कुणी?"

"मीच," शरयू म्हणाली.