नेफासितचा उतार

रविवारी सकाळी सात वाजता आमच्या क्लबचे लोक कॅथेड्रलसमोरच्या कॉफीच्या बारबाहेर उभ्याउभ्या मकियातो पितात आणि एकमेकांच्या सायकलींना नावं ठेवतात. त्या रविवारीही तेच चाललं होतं.

"हब्तेआब, ही साखळी आहे की तुझ्या सासूची जीभ?" पोस्टातून निवृत्त झालेला कहसाय म्हणाला. "सगळ्या अस्माराच्या सायकली दुरुस्त करतोस आणि स्वतःची अशी करकरते!"

"तुझे कान वाजतायत," मी म्हणालो.

रहवा हसली. ती माझी भाची, एकोणीस वर्षांची. पुढच्या रविवारी तिची निवडीची शर्यत होती आणि नेफासितचा उतार तिला माझ्या चाकाला चिकटून, मागोमाग उतरत शिकायचा होता. तिचा बाप असफहा याच उतारावर गेला, तेव्हा ती तीन वर्षांची होती. तिला सायकलवर मी बसवलं. माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारं एवढं एकच माणूस मला उरलंय, आणि त्या विश्वासाची माझी लायकी नाही हे तिला कळू नये म्हणून मी सोळा वर्षं जपतोय.

आमच्याकडे पोराला ब्रेक दाबायला शिकवतात त्याच्याही आधी एक नियम शिकवतात. पुढच्याने खड्डा, दगड, शेळी, जे दिसेल ते हाताने दाखवायचं आणि मागच्याने 'पाहिलं' म्हणून ओरडायचं. मागच्याला पुढच्याच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही. तुमच्या हातावर जीव सोपवून तो येत असतो.

असफहाला मी हात दाखवला नाही. शर्यत होती, संघात एकच जागा होती आणि आम्ही दोघंच पुढे निसटलो होतो. वळणावर दरडीतून सुटलेला दगड पडला होता. मला तो स्वच्छ दिसला. मी सायकल बाजूने काढली आणि हात हँडलवरच ठेवला. नंतर सगळ्यांना सांगितलं, धुकं होतं. धुकं होतंच, फक्त त्या वळणावर नव्हतं. संघात मी गेलो, कुठल्याशा देशात एकतिसावा आलो आणि परत येऊन दुकान टाकलं. माझी बहीण अजून दर रविवारी मला जेवायला बोलावते आणि मांसाचा चांगला तुकडा माझ्या पुढ्यात सरकवते.

कहसाय आणि मंडळी उताराच्या तोंडाशीच परत फिरली. पुढे आम्ही दोघंच.

अर्बारोबा गाव मागे पडलं आणि समुद्राकडून धुकं वर चढू लागलं. बोटं गारठली. रस्त्याकडेची निवडुंगं एकेक करून दिसेनाशी झाली. पहिला खड्डा आला, मी उजवा हात खाली केला.

"पाहिलं!" रहवा ओरडली.

"पाहिलं," तिच्या मागून कुणीतरी म्हणालं. पुरुषाचा आवाज होता.

मला काही वाटलं नाही. रविवारी अनोळखी माणसं रांगेला येऊन चिकटतात, आम्ही नाही म्हणत नाही. उतारावर मागे वळून बघायचंही नसतं. पुढचा खड्डा, पुन्हा दोन आवाज. त्यानंतर वाळूचा पट्टा, तिथेही दोन.

मग सरळ उतार लागला. आम्ही पायडल थांबवलं आणि मागच्या चाकांमधली फ्रीव्हीलं वाजू लागली. माझं मला ओळखता येतं, रहवाचं मीच बसवलेलं. तिसरं मात्र अडखळत होतं. टक टक, मध्ये एक ठोका गायब, पुन्हा टक टक. असफहाच्या फ्रीव्हीलचा एक खटका झिजला होता. मी बदलू म्हटलं की तो म्हणायचा, "राहू दे रे, गातंय ते." तो गेल्यावर ते चाक मी माझ्या हातांनी मोडलं होतं.

मी मेकॅनिक आहे. सायकलीत भूतबीत नसतं, झिजलेला भाग असतो. झिजलेली फ्रीव्हीलं शहरात शंभर तरी असतील, असं मी स्वतःला बजावलं.

वळण आलं.

धुकं एकदम फाटलं. डांबर कोरडं होतं, त्यावर ऊन होतं आणि रस्त्यात दगड होता. कणकेच्या गोळ्याएवढा. आज कुठली शर्यत नव्हती. मागे माझी पोर होती.

हात सोडायचा होता. बोटं हँडलवरून सुटेनात.

मी बाजूने काढली.

"पाहिलं," मागून आवाज आला. रहवाचा नव्हता.

नेफासितच्या चहाच्या टपरीपाशी मी पाय टेकला. रहवा माझ्या मागोमाग आली, धडधाकट, एकटी. तिचा श्वासही नीट चालला होता. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

"मामा, दगड होता."

"हो."

"हात का नाही दाखवलास?"

"धुकं होतं गं. दिसलाच नाही मला."

तिने हेल्मेट काढलं, कपाळ पुसलं.

"वळणावर धुकं नव्हतं," ती म्हणाली. "आणि मला आधीच कळलं होतं. माझ्या मागे होता त्याने सांगितलं. म्हणाला, आतून घे, इथे पुढून हात येणार नाही."

"कोण होता?"

"तू ओळखत असशील. तू काय उत्तर देशील तेही त्याने सांगितलं होतं. अगदी याच शब्दांत."

चहावालीने काय हवं म्हणून विचारलं. मी रहवाच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो, तर तिने सायकल मधे घेतली.

"आईला मी सांगू की तू सांगतोस?" तिने विचारलं. मग तिने अस्माराकडचा रस्ता दाखवला. "चल. तू पुढे हो. आम्ही येतो मागून."

मी निघालो. पंचवीस किलोमीटर चढ. दिसेल तो खड्डा मी हाताने दाखवला, दिसेल तो खडा दाखवला. रहवाने एकदाही 'पाहिलं' म्हटलं नाही.

चढावर पायडल थांबवलं की सायकल दहा पावलांत उभी राहते, आणि पायडल चालू असताना फ्रीव्हील वाजत नाही. ते अस्मारापर्यंत माझ्या मागे वाजत होतं.