कातळगडाचे अनुपान

पूर्वेचा तांबूस उजेड कातळगडाच्या बुरुजांवर चढू लागला, तेव्हा दरीत वेढा घालून बसलेल्या सरदार दौलतराव काकड्यांच्या राहुट्या धुक्यातून एकेक करून वर येत होत्या. आणि वर सदरेवर, दरबाराशी बेइमान होऊन गड गिळून बसलेले किल्लेदार रुद्राजी शेळके आपल्या औषधाच्या पेल्याची वाट पाहत होते.

राजा व्हायचे तर वारस हवा. तीन राण्या करून पाळणा हलला नव्हता, आणि दोष राण्यांचा नाही हे गडावरच्या कोंबड्यांनाही ठाऊक होते. गतसाली त्र्यंबकभट वैद्यांनी किल्लेदारांच्या पुरुषत्वासाठी अश्वगंधा, कवचबीज आणि गोखरूचे चूर्ण दिले, पथ्य सांगितले, अफू बंद करा म्हणाले. रुद्राजींनी बेलभंडार उचलून अफू सोडल्याची शपथ घेतली. गुण आला नाही, तेव्हा वैद्य लबाड ठरला आणि त्याचा कडेलोट झाला.

आदल्या संध्याकाळी वैद्य बायकोला एवढेच म्हणाले होते, "सगुणे, त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्यात. अफूची गोळी चालूच आहे. पण बेलभंडार उचललेल्या माणसाला खोटा कोण म्हणणार?"

तीच सगुणाबाई नवऱ्यामागे त्याचेच चूर्ण देऊ लागली होती; आज ती पेला घेऊन सदरेवर आली. पोटासाठी आली आहे असे रुद्राजी समजत होते. बायका पोटासाठीच येतात, हे त्यांचे जुने मत होते.

"सरकार, इतके दिवस चूर्ण साध्या दुधातून दिलं. आजपासून पुरतं अनुपान देते. तूप आणि पिंपळी."

"त्यानं काय होतं?"

"औषध म्हणजे स्वार आणि अनुपान म्हणजे घोडा. घोडा नसेल तर स्वार वेशीतच बसून राहतो. आमचे यजमान म्हणायचे."

यजमानांचे नाव ऐकून रुद्राजी हसले. "आणि विष नाही कशावरून?"

"अर्धा पेला मी आधी पिते."

ती प्यायली. सर्वांदेखत, सावकाश, ओठांवरची साय पदराने पुसत. मग म्हणाली, "पण पथ्य आता कडक आहे. यावर अफू चालायची नाही. ही पिंपळी पोटात असेल ते सगळं अंगात भिनवते. घेत असाल तर आत्ता सांगा, सरकार. मी पिंपळी काढते, पुन्हा साधं दूध देते."

गोलंदाजांचा नाईक दर्याजी उगाच खोकला.

रुद्राजींनी बेलभंडार मागवला आणि दुसऱ्यांदा उचलला. "अफूला आम्ही शिवतही नाही."

"मग काळजीच मिटली," सगुणाबाई म्हणाली आणि उरलेला पेला त्यांच्या हाती दिला. परतताना तिने आपले विधवेचे लाल आलवण धुतले आणि दक्षिण बुरुजावर वाळत घातले. वेढा पडण्यापूर्वी मुळ्या खणायला ती गड उतरली होती, तेव्हा हीच खूण दौलतरावांना देऊन आली होती.

रुद्राजी महालात गेले, दार लावून घेतले, आणि उशीखालच्या डबीतून रोजची गोळी काढून जिभेवर ठेवली. पाठीवर कोण बसले आहे हे घोडा कधी विचारत नाही.

उन्हे चढली तशी दक्षिण कड्यावर दौलतरावांची माणसे दिसू लागली. तोफा ठासलेल्या होत्या, हातात पेटते पलिते होते. पण किल्लेदारांच्या तोंडी हुकुमाविना बत्ती द्यायची नाही हा गडाचा कायदा होता. मागच्याच महिन्यात तो मोडणाऱ्या गोलंदाजाचा हात त्यांनी सदरेसमोर तोडवला होता. दर्याजीने दार फोडले, धन्याला गदागदा हलवले, तोंडावर घागर ओतली. धनी घोरत होते.

तो नंगी तलवार घेऊन सगुणाबाईच्या दारात आला. "बाई, काय पाजलंस?"

"तुझ्यासमोर अर्धं मी प्याले ना? बघ, तांदूळ निवडते आहे. खडासुद्धा दिसतोय मला."

दर्याजीने तलवार उगारली, तिच्याकडे पाहिले, आणि तलवार तशीच वर राहिली. हात तुटलेला गोलंदाज त्याचा धाकटा भाऊ होता. त्याने तलवार म्यान केली आणि खाली जाऊन गोलंदाजांना सांगितले, "हुकूम नाही." पुढे लढाई म्हणावी असे काही झालेच नाही.

रुद्राजी जागे झाले ते सदरेवर, हात बांधलेले, समोर दौलतराव. जीभ जड होती, तरी पहिला शब्द निघाला, "या बाईनं विष घातलं."

"पेल्यात काय होतं ते सदरेनं ऐकलंय," सगुणाबाई म्हणाली. "अफू घेतली नसेल, तर सरकार शत्रू दारात असता नुसतेच झोपले. घेतली असेल, तर बेलभंडार दोनदा खोटा उचलला आणि पहिल्या खोट्यापायी माझा माणूस कड्यावरून गेला. यातलं कोणतं खरं ते तुम्हीच सांगा."

झोपाळू किल्लेदार म्हणून हसे होणे त्यांना सोसवेना, किंवा अजून अंमल उतरला नसेल. "घेतली," ते ओरडले. "गेल्या सालीही घेत होतो. काय करशील?"

दौलतराव म्हणाले, "सगुणाबाई, बेइमानाला कडेलोटच आहे. आत्ताच नेऊ?"

तिने पुढे होऊन रुद्राजींची हनुवटी वर केली, रोगी पाहावा तसे डोळे पाहिले. "बाहुल्या अजून मोहरीएवढ्या आहेत. उद्या न्या. माझे यजमान पुरते शुद्धीत गेले होते."

दुसऱ्या दिवशी पहाट झाली तेव्हा रुद्राजींना घाम फुटला होता, अंग थरथरत होते, डबीसाठी ते पहारेकऱ्याच्या पाया पडत होते. तिने पुन्हा डोळे पाहिले. बाहुल्या आता चांगल्या मोठ्या झाल्या होत्या, डोळे टक्क उघडे होते. दरी स्पष्ट दिसेल एवढे.

"उतरली," ती दौलतरावांना म्हणाली, आणि बाजूला झाली.

मग नवऱ्याचा खल डोक्यावर घेऊन ती गड उतरू लागली. दर्याजी दरवाजापर्यंत पोचवायला आला. त्याने चाचरत विचारले, "बाई, ते चूर्ण खरंच लागू पडलं असतं का हो?"

"पडलं असतं की," सगुणाबाई म्हणाली. "औषधात खोट कधीच नव्हती."