गळ्यातली सवत

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात नलू कळंबच्या दवाखान्यातून औषधाची बाटली घेऊन घरी पोचली, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बाटली ओल्या फडक्यात गार, आणि पोरगी भाजल्या कणसासारखी. धाकटा पंजाब मुदतीच्या तापानं पडला होता. भाऊ सावत्र, पण ते गावाच्या तोंडात. त्याला चालायला, पोहायला आणि शिव्या द्यायला नलूनंच शिकवलं होतं.

दारात सावत्र माय रुखमाबाई आडवी उभी. तिच्या गळ्यात नेहमी चांदीचा टाक असायचा, छोटा पत्रा, वर बाईचं रूप ठोकलेलं. पहिली वारली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात बांधायचा, नवं लुगडं आधी त्याला दाखवून मगच नेसायचं, अशी रीत. हा टाक नलूच्या मायचा, यमुनीचा. बाबारावानं अशा दोन बायका एकाच गळ्यात नांदवल्या होत्या, आणि दोघींपुढं त्याचं तोंड उघडत नसे.

डोमाजीकाकाचं मात्र मिटत नसे. स्वतःच्या बैलाची खरूज त्याच्यानं बरी झाली नव्हती, पण गावाला उपाय सांगायची भारी हौस. त्यानं सांगून ठेवलं होतं, सवत कोपली. टाक तिच्या पोरीच्या गळ्यात बांधा आणि मायलेकींना घराबाहेर काढा.

रुखमाबाईनं नलूच्या डोळ्यांत न पाहता टाक तिला बांधला.

"गोठ्यात राय व माय. तुह्या पाया पडतो मी..."

बाटली घेतली, दार लावलं.

गोठा घराला लागूनच, मधे नुसता तुराट्यांचा कूड. नलू बैलांपाशी बसली. पलीकडून पंजाब कण्हत होता, "अक्का... अक्का..." बाबाराव त्याला यवतमाळला न्यायला दमनी, हलकी बैलगाडी, मागत फिरत होता. माठात थेंब उरला नव्हता, म्हणून रुखमाबाई एक घोट औषध पाजून घागर घेऊन विहिरीकडं गेली. तिची पावलं दूर गेलेली नलूनं ऐकली.

मग कण्हणं एकाएकी थांबलं. बैलांनी रवंथ थांबवला. पलीकडं कोणीतरी फडकं पिळलं. टप... टप... पुन्हा पिळलं. भर उन्हाळ्यात भिजल्या मातीचा वास आला. नलूनं फटीला डोळा लावला. एक बाई पाठमोरी बसून पंजाबच्या कपाळावर घडी ठेवत होती. माय विहिरीवरून परत आली वाटतं, म्हणून नलूला हायसं झालं.

"नलू, पंजाब चूप काहून झाला?"

गोठ्याच्या दारात रुखमाबाई, डोक्यावर भरली घागर.

घागर तिथंच फुटली. दोघी आत धावल्या. आत कोणी नव्हतं. कपाळावर ओली घडी, अंग घामानं चिंब, ताप उतरलेला. माठ कोरडाच. औषधाचा गुण असेल. डॉक्टर तर तसंच म्हणणार.

पंजाबनं डोळे उघडले. "थे बाई म्हने, तुही अक्का आत येईस्तोर मी जात नाही."

नलूच्या गळ्यातला टाक सोडून रुखमाबाईनं डोळ्यांना लावला, आपल्या गळ्यात बांधला.

"यमुनाबाई, तुमी माह्यं लेकरू राखलं. अन मी तुमचं गोठ्यात बसवलं."

बाबाराव दमनी घेऊन आला, तोवर पोरगं पेज मागत होतं. उन्हं कलताना डोमाजीकाका मिशी पिळत उपायाचं श्रेय घ्यायला आला. रुखमाबाईनं त्याला चहा पाजला. साखर तेवढी घातली नाही.

तो गेल्यावर तिनं नलूला पुढ्यात घेतलं, केसांतला कडबा वेचला, वेणी घालू लागली. मागं वाकळीवर पंजाब झोपलेला, आणि त्याला कोणी हळू थोपटत होतं. थप... थप... त्या तालावर नलूचे डोळे मिटू लागले. मग तिच्या ध्यानात आलं, मायचे दोन्ही हात आपल्या केसांत आहेत.

"माय... ऐकू येऊन राह्यलं?"

"हो." रुखमाबाईचा आवाज ओला झाला होता. "मागं पाहू नको. थोपटू दे तिले."

वेणी संपली. रुखमाबाईनं ती सोडली, आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.