गाडीचा दम

थोरल्याचा जुना ट्रक घरामागच्या शेडमध्ये नुसता उभा होता. अपघातानंतर नवी काच बसली, नवं स्टिअरिंग बसलं, पण इंजिन काही चालू होईना. चांगले चांगले मिस्त्री हात टेकून गेले. शेवटी वहिनीने धाकट्या दिराला बोलावणं धाडलं.

"डिझेलचा फिल्टर बदलून बघा, भाऊजी. यांची पद्धत तुमच्याच हाताला ठाऊक. चालू झाला तर ट्रक तुमचा."

धाकटा हे मनातले मांडे भाऊ जिवंत असल्यापासून खात होता. जेवणं झाल्यावर तो पाने-पकड घेऊन हजर झाला. वहिनीने धूळ येते म्हणून शेडचं दार लोटलं आणि उपड्या डब्यावर बसून राहिली.

त्याने जुना फिल्टर फिरवून काढला. आतलं काळं डिझेल दुसऱ्या डब्यात ओतलं, तसा शेडभर लवंगेचा वास सुटला. थोरल्याच्या तोंडात सदा लवंग असायची. धाकट्याने नाक पुसलं. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगेला डिझेलचं बोट लावलं, फिल्टर काठोकाठ भरला, हाताने आवळून बसवला.

"आता दम काढायचा ना?" वहिनीने विचारलं.

"हो."

फिल्टर बदलताना आत शिरलेली हवा बाहेर काढायची, याला थोरला 'गाडीचा दम काढणं' म्हणायचा. वरचा छोटा स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग नितळ डिझेल. मगच स्क्रू आवळायचा. नाहीतर गाडी पुन्हा हवा ओढते आणि नको तिथे बंद पडते. थोरल्याची उतारावर तशीच बंद पडली होती. ब्रेक लागले नाहीत, स्टिअरिंग छातीत रुतलं. बिचाऱ्याला श्वास घ्यायला जागाच उरली नाही.

धाकटा पंप दाबू लागला. फस्... फस्...

"हे म्हणायचे, शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत हात थांबवायचा नाही."

"मला काय सांगता, वहिनी. दादानेच शिकवलं."

"त्या वेळीही फिल्टर तुम्हीच बदललात."

"स्क्रू चांगला आवळला होता मी."

वहिनी हळूच म्हणाली, "मी स्क्रूचं नाव तरी काढलं का?"

चोराच्या मनात चांदणं, ते असं तोंडावाटे बाहेर पडलं. त्याने हात काढू पाहिला. हात निघेना. पंपाच्या मुठीवर दुसऱ्या कुणाचा तरी जड, गार तळवा त्याच्या हातावर बसला होता. दिसत काहीच नव्हतं.

फस्... फस्... स्क्रूपाशी बुडबुडे येतच होते. दर दाबाला त्याची छाती आत जात होती आणि परत भरत नव्हती.

"वहिनी... बास... सोडा..."

"मी कुठे धरलंय तुम्हाला?"

कानाशी लवंगेचा ऊन श्वास आला. आवाज अगदी मायेचा, शिकवतानाचा.

"दम निघाला का रे?"

शेवटचा बुडबुडा फुटला. नितळ डिझेल आलं. स्क्रू आपोआप फिरत घट्ट बसला आणि इंजिन धडधडू लागलं. किल्ली तर वहिनीच्या कमरेला होती.

धाकटा जमिनीवर कोसळला, पण मेला नाही. इंजिनाच्या ठेक्यावर त्याची छाती हलू लागली. ठोका जरा चुकला, की त्याचा श्वास अडकायचा, डोळे पांढरे व्हायचे.

वहिनी कौतुकाने बघत होती. "झाला हो चालू. तुमचाच ट्रक. बंद करू का आता?"

त्याने मान हलवली. नको, नको.

तेव्हापासून तो शेडमध्येच असतो, ट्रकला पाठ लावून. वहिनी जेवण नेऊन ठेवते, जवळ बसते, टाकीत डिझेल मात्र भरत नाही. ती बाहेर गेलेली बघून भिंतीपलीकडच्या शेजारणीने एकदा टाकीचं झाकण उघडलं. आत काठी घातली, ती कोरडीठाक वर आली. झाकणाच्या आतल्या बाजूला एक लवंग चिकटली होती. ओली, नुकतीच चावलेली.

इंजिन चालूच आहे.